टाकी फुल केली की गाडी सुरूच होत नाही? पंप, प्लग, बॅटरी बदलायच्या आधी पर्ज व्हॉल्व्ह बघा

लक्षण असं. पेट्रोलची इंजेक्शनवाली गाडी, रोज सकाळी एका सेल्फात सुरू होते, पन्हाळ्याचा चढ आरामात चढते, ॲव्हरेजची तक्रार नाही. पण पंपावर टाकी फुल केली आणि निघायला चावी फिरवली की सेल्फ नुसता फिरत राहतो, मागचा रिक्षावाला हॉर्न मारतोय, पंपावरचा पोरगा "दादा गाडी पुढं घ्या की" म्हणतोय, आणि तिसऱ्या-चौथ्या सेल्फाला गाडी कशीतरी पेटते, भुर्रभुर्र करत, पेट्रोलचा वास सोडत. दोन मिनिटांत सगळं जागेवर. मग पुढच्या फुल टाकीपर्यंत काही नाही.

आमच्या मेव्हण्याच्या गाडीला हेच होतं. तो कागल एमआयडीसीत नोकरीला, रोज हायवेनं जाणं-येणं. आधी प्लग बदलून झाले, मग थ्रॉटल बॉडी साफ करून झाली, मग टाकीतला फ्युएल पंपच नवीन टाकला, आणि दर वेळी वाटायचं की आता बरी झाली, कारण महिनाअखेरीला माणूस पाचशेचंच टाकतो, फुल कुठं करतोय! पगार झाला, टाकी फुल झाली की परत पहिला पाढा. आणि गॅरेजला दाखवायला नेली की गाडी शहाण्यासारखी एका सेल्फात सुरू. मिस्त्री तरी काय बघणार बिचारा. पेट्रोलमध्ये पाणी आहे, पंप बदला, असं सांगून मोकळा.

आता यातला "फक्त फुल केल्यावर" हा भाग लई महत्त्वाचा आहे. बॅटरी वीक असली तर सकाळी गार इंजिनाला त्रास देणार. फ्युएल पंप वीक असला तर घाटात, ओव्हरटेक करताना पिकअप मरणार. पेट्रोल भरल्यावर लगेच आणि तेव्हाच जर गाडी रुसत असेल तर पहिला संशय टाकीच्या वाफेची जी व्यवस्था असते तिच्यावर घ्यायचा, आणि त्यातही पर्ज व्हॉल्व्हवर.

ही व्यवस्था काय ते समजून घ्या, मग बाकीचं आपोआप कळेल. पेट्रोल नुसतं टाकीत पडून असलं तरी उडत असतंय. एप्रिल-मे महिन्यात गाडी दुपारभर उन्हात उभी असली की टाकी तापते आणि वाफ अजून वाढते. (डिझेल इतक्या सहज उडत नाही म्हणून डिझेल गाडीला ही भानगड नसते, डिझेलवाल्यांनी इथंच थांबलं तरी चालेल.) पूर्वी ही वाफ सरळ हवेत सोडून द्यायचे. लॉस एंजेलिसच्या धुरक्याला वैतागून कॅलिफोर्नियानं १९७० च्या मॉडेलपासून आणि बाकी अमेरिकेनं १९७१ पासून ती अडवायला लावली. तेव्हा जी पद्धत आली तीच थोड्याफार फरकानं आज तुमच्या-माझ्या गाडीत आहे. टाकीच्या वरच्या अंगानं एक नळी निघते आणि एका काळ्या प्लॅस्टिकच्या डब्यात जाते. हा चारकोल कॅनिस्टर. आत ॲक्टिव्हेटेड कार्बनचे बारीक दाणे, म्हणजे खास प्रक्रिया केलेला कोळसा, ज्याच्या एका ग्रॅमचा आतला पृष्ठभाग हजार चौरस मीटरच्या आसपास भरतो. आपल्या हिशोबात दहा गुंठे, एका ग्रॅममध्ये! पेट्रोलची वाफ त्या दाण्यांना धरून बसते आणि बाहेर जाते ती जवळजवळ स्वच्छ हवा. किती स्वच्छ, तर आपल्याकडं गाडीचं नवीन मॉडेल पास व्हायला ती बंद खोलीत ठेवून मोजतात आणि अख्ख्या चाचणीत गाडीतून २ ग्रॅमच्या वर वाफ निघायला परवानगी नाही.

पण डबा कधीतरी भरणार की. म्हणून त्याला अजून दोन तोंडं असतात. एक व्हेंट, बाहेरची ताजी हवा आत घ्यायला, आणि दुसरं इंजिनाकडं जाणारं, ज्याच्या वाटेवर हा पर्ज व्हॉल्व्ह बसलेला असतो. इंजिन गरम झालं, गाडी पळायला लागली की ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) व्हॉल्व्हला थोडा-थोडा करंट देऊन उघडझाप करतो, इनटेक मॅनिफोल्डच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या नळकांड्यांच्या) ओढीनं व्हेंटमधून हवा आत येते, कोळशातली वाफ सोबत घेते आणि इंजिनात जाऊन जळते. तेवढं पेट्रोल वाफेतून आलं हे ऑक्सिजन सेन्सरला कळतं आणि इंजेक्टर तेवढंच कमी सोडतात. म्हणजे वाया काही जात नाही. बॉनेट उघडून शांत ठिकाणी कान दिला तर बऱ्याच गाड्यांत ती टिक-टिक ऐकू येते, लोक टॅपेट वाजतात म्हणून उगीच काळजी करतात.

मुद्द्याची गोष्ट ही की करंट नसताना हा व्हॉल्व्ह बंद असायला पाहिजे. गाडी बंद, व्हॉल्व्ह बंद. तो अर्धवट उघडा राहून अडकला की मग खेळ सुरू होतो. टाकीत तीस-पस्तीस लिटर पेट्रोल आत आलं म्हणजे तेवढीच वाफेनं भरलेली हवा आतून बाहेर ढकलली जाणार, त्यातली बरीच फिलर पाइपानं वर येते (पंपावरचा वास तोच) पण काही कॅनिस्टरकडं जाते, आणि पुढचं दार उघडंच असल्यामुळं तिथून मॅनिफोल्डमध्ये जाऊन बसते. वर सेल्फ मारल्याबरोबर इंजिन अजून वाफ ओढतं. ईसीयूला यातलं काहीच ठाऊक नाही, तो आपला नेहमीच्या हिशोबानं इंजेक्टरमधून पेट्रोल सोडतोय. मिश्रण इतकं रिच होतं, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल इतकं जास्त होतं, की पेटतच नाही. सेल्फ मारत राहिलं की हळूहळू हवा खेळते आणि गाडी भुर्रभुर्र करत चालू होते.

अशा वेळी पंपावर अडकला असाल तर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा आणि सेल्फ मारा, सलग दहा सेकंदांच्या वर नको. बहुतेक इंजेक्शन गाड्यांत पाय पूर्ण खाली असताना सेल्फ मारला की ईसीयू इंजेक्टर बंद ठेवतो, फ्लड झालेलं इंजिन मोकळं करायची ती सोयच असते, आणि थ्रॉटल उघडल्यामुळं ताजी हवा आत येते. पेटली की पाय लगेच काढा, नाहीतर इंजिन किंचाळेल आणि पंपावरचे सगळे तुमच्याकडं बघतील. या उपायानं गाडी पटकन सुरू झाली तर मिश्रण रिच होतंय एवढं तरी पक्कं झालं.

मग घरी येऊन व्हॉल्व्ह तपासायचा. सिगारेट लांब ठेवा, गाडी खड्ड्यावर किंवा बंद शेडमध्ये नको, कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, खाली साचून राहते. व्हॉल्व्ह बहुतेक गाड्यांत मॅनिफोल्डच्या जवळ असतो, मुठीएवढा किंवा त्याहून लहान, दोन वायरींचा सॉकेट आणि दोन नळ्या. सकाळी गार इंजिन चालू करा, आयडलिंगवर ठेवा आणि कॅनिस्टरकडून येणारी नळी व्हॉल्व्हवरून काढून त्या तोंडाला बोट लावा. ओढ जाणवायला नको. इंजिन गार असताना सतत बोट ओढलं जात असेल तर व्हॉल्व्ह गळका, विषय संपला. इंजिन तापल्यावर हीच टेस्ट केली तर ईसीयू स्वतः व्हॉल्व्ह उघडत असतो आणि चांगल्या व्हॉल्व्हला नावं ठेवाल, म्हणून गारच पाहिजे.

शंका राहिली तर व्हॉल्व्ह काढून हातात घ्या. तोंडानं फुंकायचं नाही, त्यात पेट्रोलची वाफ असते. मेडिकलमधून मोठी सिरिंज आणा, नळीचा तुकडा जोडा आणि हवा मारा. करंट नसताना हवा पलीकडं जायला नको. मग बारा व्होल्ट द्या (पेट्रोलच्या नळ्यांपासून लांब, टेबलावर), टक्क आवाज येऊन हवा मोकळी जायला पाहिजे. मल्टिमीटरनं कॉइल मोजली तर बहुतेक व्हॉल्व्हना वीस-तीस ओहमच्या आसपास येतं, पण नुसत्या त्या आकड्यावर जाऊ नका. कॉइल ठणठणीत असते आणि आतला पडदा अडकलेला असतो, हेच जास्त वेळा दिसतं.

आणि हे नक्की करा: काढलेला व्हॉल्व्ह पांढऱ्या कागदावर कॅनिस्टरकडचं तोंड खाली करून चार-पाच वेळा आपटा. मेव्हण्याच्या गाडीचा आपटला तेव्हा कागदावर काळी पूड पडली, आणि त्यात मोहरीपेक्षा थोडे मोठे असे कोळशाचे तुकडे, बोटानं चिरडले की काळा डाग आणि पेट्रोलचा वास. असं काही पडलं तर दुखणं व्हॉल्व्हचं नाही, कॅनिस्टरचं आहे. डब्यातला कोळसा फुटलाय, आतली जाळी किंवा फोम गेलाय, आणि दाणे नळीतून येऊन व्हॉल्व्हच्या तोंडात अडकतायत. नुसता नवीन व्हॉल्व्ह टाकला तर काही दिवस बरं, मग तोही अडकणार. "व्हॉल्व्ह बदलला तरी परत तेच" ही तक्रार बहुतेक वेळा अशीच तयार होते, कागद कुणी धरतच नाही. कॅनिस्टर बदला, मधल्या नळ्या काढून झटकून साफ करा, आणि सगळ्यात शेवटी व्हॉल्व्ह लावा. कंप्रेसरची हवा कॅनिस्टरमध्ये मारू नका, काही गॅरेजमध्ये साफसफाई म्हणून सर्रास मारतात आणि त्या प्रेशरनं उरलेला कोळसा पण फुटतो.

कोळसा फुटतो कशानं? आपल्या एका सवयीनं. पंपाच्या नोझलच्या टोकाला एक बारीक भोक असतं, पेट्रोल तिथपर्यंत आलं की नोझल खटकन बंद होतं, तो ऑटो कट. त्यानंतर आपण काय करतो, "अजून टाक रे, दोन हजार राउंड कर". गाडी हलवून हलवून गळ्यापर्यंत भरणारे महाभाग पण आहेत. टाकीत वरती जी रिकामी जागा ठेवलेली असते ती वाफेसाठी आणि पेट्रोल तापून फुगतं त्यासाठी असते. ती भरली की वाफेच्या नळीतून वाफेऐवजी पातळ पेट्रोलच कॅनिस्टरमध्ये जातं. वाफ धरायला केलेला कोळसा पेट्रोलमध्ये भिजतो, इंजिन ते लवकर ओढून काढू शकत नाही, दाणे खराब होत जातात. मेव्हण्याला हे सांगितलं तर म्हणतो, त्या पाऊण लिटरसाठी एवढं रामायण? व्हय, त्या पाऊण लिटरसाठीच.

डबा भिजलाय का ते ओळखायला तो काढून हातात घ्या. जड लागला, नळीच्या तोंडातून पेट्रोल टपकलं, तर गेला. नुसता वाफेनं भरलेला असेल तर गाडी लांब पळवली की पर्ज होऊन मोकळा होतो, कोल्हापूर-सातारा एक फेरी पुरे. शहरातल्या शहरात पाच-पाच मिनिटं फिरणाऱ्या गाडीत इंजिन नीट तापतच नाही, पर्ज कमी होतं, म्हणून शाहूपुरी ते महाद्वार रोड एवढंच चालणाऱ्या गाडीला उन्हाळ्यात जास्त वास येतो.

आता याच व्यवस्थेतला दुसरा बिघाड, जो उलटा दिसतो. पेट्रोल भरताना टाकी रिकामी असूनही नोझल सारखं कट होतंय, थोडं थोडं करून भरायला लागतंय, किंवा झाकण उघडलं की जोरात आणि बराच वेळ फुस्स. (थोडंसं फुस्स उन्हात होणारच, त्याला घाबरू नका.) इथं व्हेंटचं तोंड बंद झालंय असं समजा. टाकीतली हवा बाहेर जायला वाट नाही म्हणून पेट्रोल वर उसळतं आणि नोझल कट होतं. चालत्या गाडीत याच्या उलट, पेट्रोल कमी होत जातं पण हवा आत येत नाही, पर्ज आतून ओढतोय, टाकीत व्हॅक्यूम तयार होतो. झाकणात यासाठी एक छोटा व्हॉल्व्ह असतो तो वाचवतो, पण तोही जाम असला तर फ्युएल पंपावर ताण येतो, गाडी पळता पळता दम टाकते, आणि झाकण उघडून लावलं की परत चालते. अशा गाडीच्या झाकणाला भोक पाडून देणारे मिस्त्री मी बघितलेत. गाडी चालते, हे खरं. पण मग त्या भोकातून पेट्रोल उडत राहतं, पावसाचं पाणी आत जातं, आणि वळणावर फुल टाकीतून पेट्रोल बाहेर येतं. असलं करू देऊ नका.

व्हेंट बुजायला आपल्याकडं कारणं भरपूर. ज्या गाड्यांत कॅनिस्टर मागं टाकीजवळ खाली असतो तिथं गगनबावड्याकडच्या पावसाळी रस्त्यांचा चिखल जाऊन बसतो आणि दिवाळीपर्यंत सिमेंटसारखा वाळतो. कुंभारीण माशी तर कुठल्याही नळीत मातीचं घर बांधते. कोळ्यांचं पण तसंच, हसू नका, २०११ मध्ये माझ्दानं उत्तर अमेरिकेत सुमारे ६५ हजार गाड्या याच कारणासाठी परत बोलावल्या होत्या, व्हेंटच्या नळीत कोळी जाळं करत होते आणि टाकीत व्हॅक्यूम होऊन तिला चीर पडायची भीती होती. पावसाळा संपला की गाडी वर घेऊन ती नळी एकदा बघायची, मऊ तारेनं हलक्या हातानं मोकळी करायची, एवढंच.

२०१९ आणि २०२१ च्या पुरात ज्या गाड्या पाण्यात उभ्या होत्या त्यांचं वेगळं. इंजिन ऑइल, सीट, वायरिंग सगळं बघितलं जातं, कॅनिस्टरकडं कुणाचं लक्ष जात नाही. पाणी शिरलेला कोळसा वाफ नीट धरत नाही. सेकंडहॅन्ड घेताना गाडी पुरातली आहे असा संशय असेल तर हा डबा काढून हलवून बघायला लावा, आत पाणी डचमळलं किंवा नळीतून गाळ आला की पुढची बोलणी त्या हिशोबानं करा.

इथेनॉलबद्दल पण सगळे विचारतात, ऊस आपला, डिस्टिलऱ्या आपल्या, तरी शिव्या त्यालाच. पेट्रोलमध्ये थोडं इथेनॉल मिसळलं की वाफ होण्याचं प्रमाण थोडं वाढतं हे खरं आहे, पण ते दहा टक्क्यांच्या आसपास सगळ्यात जास्त असतं आणि वीस टक्क्यांना उलट जरा खाली येतं. त्यामुळं ई२० नं कॅनिस्टर भरला हे मला पटत नाही. एप्रिल २०२३ च्या आधीच्या, ई२० साठी न बनवलेल्या गाड्यांच्या रबरी नळ्यांची काळजी मात्र करा. नळी वाकवून बघा, चिरा दिसल्या किंवा फुगून मऊ झाली असेल तर बदला. इंजिन पूर्ण गार असताना सुद्धा गाडीजवळ पेट्रोलचा वास येत असेल तर व्हॉल्व्हच्या आधी नळ्या आणि झाकणाची रबरी रिंग.

स्कॅनर लावला, कोड काही नाही, म्हणजे गाडी ओके, हे गॅरेजमधलं वाक्य या बाबतीत ऐकू नका. इंटरनेटवरचे व्हिडिओ बहुतेक अमेरिकेतले, तिथं गाडीला स्वतःची गळती स्वतः शोधायला लागते, अर्ध्या मिलिमीटरच्या भोकापर्यंत, म्हणून तिथं झाकण सैल राहिलं तरी चेक इंजिन लागतं आणि पी०४५५, पी०४४२, पी०४५६ असले कोड येतात. आपले नियम युरोपच्या वळणाचे आहेत. त्यात पर्ज व्हॉल्व्हचं सर्किट जोडलेलं आहे का एवढी तपासणी झाली तरी भागतं. वायर तुटली, सॉकेट निघाला, कॉइल जळाली तर पी०४४३, पी०४४४, पी०४४५ येतील. पण व्हॉल्व्ह यांत्रिकरीत्या उघडा अडकला तर बऱ्याच गाड्यांत लाइट लागतच नाही. फार तर मिश्रण बिघडल्याचा पी०१७२ किंवा पी०१७१ येतो आणि सगळे इंजेक्टर आणि सेन्सरच्या मागं लागतात.

खात्री करायची सोपी युक्ती पण आहे. पंपावर जायच्या आधी व्हॉल्व्ह आणि मॅनिफोल्डच्या मधली नळी चिमट्यानं हळू दाबून बंद करा (कडक प्लॅस्टिकची नळी असेल तर करू नका, तुटेल), टाकी पहिल्या कटपर्यंत भरा, सेल्फ मारा. लगेच सुरू झाली तर गुन्हेगार सापडला. चिमटा काढायला विसरू नका. काही जण त्या नळीत बोल्ट ठोकून कायमचं बंद करतात, गाडी सुरू व्हायला लागते म्हणून खूष. पण मग डबा कधीच मोकळा होत नाही, उन्हाळ्यात वास सुटतो आणि तो पेट्रोलचा वास तुमच्या घराच्या पार्किंगमध्ये. टर्बो पेट्रोल गाडीत तर या वाटेवर वन-वे व्हॉल्व्ह पण असतात, तिथं स्वतः प्रयोग न केलेलेच बरे.

पार्ट कोल्हापुरात उद्यमनगरात मिळून जाईल, पण पार्ट नंबर बघून घ्या, सारखा दिसतो म्हणून चालतो असं नसतं, सॉकेट सारखा आणि आतलं भोक वेगळं असतंय. जुना व्हॉल्व्ह सोबत न्या. सिरिंज पण खिशात टाका आणि पैसे द्यायच्या आधी दुकानातच नवीन व्हॉल्व्हमधून हवा मारून बघा, करंट नसताना हवा पास होत असेल तर तो काउंटरवरच परत करा. बसवताना अंगावर बाण असेल तर तो मॅनिफोल्डच्या दिशेला.